टोचू नये म्हणून निवडलेलं सूत: एका स्वेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातलं एक गाव, द्राक्षबागेला लागून घर. घरात ऐंशीच्या आसपासच्या आजी, त्यांचा धाकटा मुलगा आणि धाकटी सून. थोरली सून पुण्यात असते, नोकरी सांभाळून विणकाम करते आणि आमच्या विणकामाच्या गटात येते, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं टाळली आहेत. विणणाऱ्या थोरल्या सुनेला ताई म्हणू, सासूबाईंना आजी आणि गावी राहणाऱ्या धाकट्या सुनेला जाऊबाई.

निफाडच्या थंडीबद्दल नाशिककडच्या लोकांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा तिथलंच असतं. पारा फारच उतरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. आजी त्या वेळी उठलेल्या असतात. अंगणात शेकोटीपाशी बसणं, बंबात लाकडं सारणं, तुळशीला पाणी, मग चहा, असा त्यांचा क्रम. वर्षानुवर्षं त्या नऊवारीवर शाल गुंडाळत आल्या, पण शाल सारखी घसरते आणि एक हात ती धरण्यातच अडकतो. त्यांना पुढून उघडा, बटणांचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा होता. डोक्यातून घालायचा नको, कारण उजवा खांदा दुखतो आणि हात वर जात नाही.

एक अट त्यांनी स्पष्ट घातली होती: "लोकर नको गं, मला टोचते."

सुताची निवड

पहिला आणि सगळ्यांत मोठा निर्णय इथेच झाला. ताईंनी त्या अटीचा सरळ अर्थ घेतला. लोकर नको म्हणजे मेंढीची लोकर नको. ॲक्रिलिक त्यांना स्वतःला आवडत नाही. मग उरलं सुती. त्यांनी ऑनलाइन सुती आणि बांबूच्या मिश्रणाचा धागा मागवला, वांगी रंगाचा, किंचित चमक असलेला. गुंडी हातात घेतली की गालाला लावावीशी वाटे, इतका मऊ. गटात सगळ्यांनी ती हाताळली आणि सगळ्यांना ती आवडली.

वीण परदेशी आराखड्यातली होती. मूळ आराखडा शंभर टक्के लोकरीसाठी. गळ्यापासून खाली विणत न्यायचा रॅग्लन स्वेटर, म्हणजे खांदे आणि मुंढे वेगळे शिवायचेच नाहीत, एकाच सलग कापडासारखा तो वाढत जातो. पाठीवर, पुढे आणि बाह्यांवरही भरगच्च वेण्या, म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून काढलेली नक्षी. छातीचा घेर ९६ सेंटीमीटर, लांबी ५८. ७ नंबरच्या म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २० टाके.

ताईंनी नमुन्याचा तुकडाही विणला. साध्या विणीचा, तळहातापेक्षा लहान. टाके मोजले, वीस बरोबर भरले. तुकडा धुतला नाही, टांगला नाही, त्यात वेणी घातली नाही. टाक्यांचं माप जुळलं म्हणजे धागा चालेल असं धरलं गेलं. अनुभवी हातांकडूनही हे फार वेळा होतं, कारण टाक्यांचं माप धाग्याच्या जाडीबद्दल सांगतं. तो धागा वजन कसं पेलेल, ओला झाल्यावर काय करेल, ताणल्यावर परत येईल का, यातलं काही त्या आकड्यात नसतं.

गणपती झाल्यावर टाके घातले आणि दिवाळीच्या आधी स्वेटर तयार झाला. सुयांवर असताना तो देखणाच दिसत होता. एक खूण मात्र विणतानाच दिसली होती. मनगटाचा काठ, एक सुलटा एक उलटा असा, लोकरीत आपोआप आवळून बसतो. इथे तो ताणला की तसाच ताणलेला राहत होता. ताईंना वाटलं, धुतल्यावर बसेल.

काय बिघडलं

धुऊन, सपाट पसरून वाळवल्यावर लांबी ५८ ची ६० झाली. तेवढं चालण्यासारखं होतं. दिवाळीत ताईंनी तो आजींना दिला. आजींनी घातला, आरशात पाहिला, रंगाचं कौतुक केलं. टोचत नव्हता. सगळे खूश झाले.

पंधरा दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. स्वेटर गुडघ्याकडे निघालाय, म्हणाल्या. आजी तो रोज रात्री खुंटीला अडकवत होत्या, जशी शाल अडकवायच्या तसाच. ताई गावी गेल्या तेव्हा लांबी ६५ भरली. बाह्या ४५ च्या ५१ झाल्या होत्या आणि बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. गळा मागे ओघळून मानेचा मागचा भाग उघडा पडत होता, म्हणजे जिथे थंडी लागते नेमका तिथे. वेण्या चपट्या झाल्या होत्या. मनगटाचे काठ भोंग्यासारखे उघडे.

आजी तक्रार करणाऱ्या नाहीत. ताईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ऊब आहे गं, पण ओझं किती! दुपारी खांदा भरून येतो." दुखरा खांदा तोच. आणि जाऊबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं ते जास्त गंभीर होतं: बंबात लाकूड सारताना सैल बाही जाळाच्या अगदी जवळून जाते.

माझ्या लेखी हे प्रकरण त्या क्षणी बदललं. तोवर ती फसलेल्या स्वेटरची हळहळ होती. जाऊबाईंच्या त्या वाक्यानंतर तो स्वेटर तसाच वापरात ठेवणं शक्य नव्हतं.

का बिघडलं

दोष धाग्याच्या दर्जाचा नव्हता. धागा चांगलाच होता. तो या आराखड्याला आणि या कामाला चुकीचा होता.

मेंढीच्या लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळणं असतात. ताणला की वळणं सरळ होतात, सोडला की परत येतात. कोरडा लोकरी तंतू तुटण्याआधी साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि बऱ्याच अंशी मूळ लांबीवर येतो. कापसाचा तंतू ६ ते ८ टक्क्यांतच तुटतो, म्हणजे त्याच्या अंगी लवचीकपणा जवळजवळ नाहीच. मग सुती विणलेलं कापड ताणलं जातं ते कशामुळे? टाक्यांचे फेरे आकार बदलतात, आडवे असलेले उभे होतात. ते परत आडवे व्हायला धाग्यात जोर लागतो, आणि सुतात तो नसतो. मनगटाचा काठ सैल राहण्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट वजनाची. कापूस आणि बांबूचा धागा लोकरीपेक्षा घन. घनतेचे आकडे बघा: लोकर घनसेंटीमीटरला सुमारे १.३१ ग्रॅम, कापूस १.५४, व्हिस्कोस १.५ च्या आसपास. बाजारात बांबूचा म्हणून मिळणारा मऊ धागा बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून बनवलेला व्हिस्कोसच असतो. तो झुळझुळीत पडतो, म्हणून ओढणीला किंवा उन्हाळी कुडत्याला सुंदर, पण त्या झुळझुळीतपणाचाच अर्थ तो खाली ओढला जातो. शिवाय व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे प्रत्येक धुण्यात तो आणखी सैलावतो. आराखड्यातल्या लोकरीत हा स्वेटर पावणेसहाशे ग्रॅमच्या आत बसला असता. ताईंचा ७०० ग्रॅम भरला.

तिसरी गोष्ट वेण्यांची. वेणी घालताना टाके एकमेकांवरून ओलांडले जातात, कापड आवळतं, त्याच मापाला जास्त धागा लागतो. वजन त्यामुळे आणखी वाढलं. लोकरीत वेणी उठून दिसते कारण तंतू फुलून मधली जागा भरतो. सुती वेणी सुरुवातीला रेखीव दिसते, पण खालून वजन ओढायला लागलं की लांबट आणि चपटी होते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शिवण नव्हती. खांद्याची आणि मुंढ्याची शिवण स्वेटरचा भार पेलते, ती ताणली जात नाही. सलग विणलेल्या रॅग्लनमध्ये तो भार सगळा गळ्याच्या टाक्यांवर येतो. लोकरीत हे खपून जातं. जड, लवचीकपणा नसलेल्या धाग्यात गळा ओघळणारच.

ही चारही कारणं वेगवेगळी धरली तर एकेकटं कारण एवढं नुकसान करणारं नव्हतं. सुती स्वेटर चांगले होतात, आखूड, साध्या विणीचे, शिवण असलेले. शिवण नसलेले स्वेटरही चांगले होतात, हलक्या लोकरीचे.

समोरचे पर्याय

आम्ही गटात बसून यावर बोललो. पाच वाटा पुढे आल्या आणि त्यांचा विचार करायला बराच वेळ दिला, कारण दीड महिन्याचं विणकाम उसवायचं की नाही हा प्रश्न होता.

गरम पाण्यात धुऊन आटवायचा, असं एकीने सुचवलं. सुती कापड गरम धुण्यात आटतं हे खरं, पण विणलेल्या सुतात ते आटणं टिकत नाही. अंगावर चार दिवस गेले की परत लांबतं. हा पर्याय लगेच सोडला.

दुसरा, बाह्या आणि घेर आखूड करायचा. गळ्यापासून खाली विणलेल्या स्वेटरमध्ये शेवट खालीच असतो, त्यामुळे बाही मनगटाकडून उसवून हवी तिथे बंद करता येते. घेराला मात्र आधी पुढची काज-बटणांची पट्टी काढावी लागते, ती सगळी उंची उचलून विणलेली असते.

तिसरा, आतून आधार द्यायचा. मागच्या गळ्याला सुती फीत शिवायची, रॅग्लनच्या, म्हणजे गळ्यापासून काखेकडे जाणाऱ्या, चारही तिरक्या रेषांवर आतल्या बाजूने क्रोशाच्या सुईने साखळी घालायची. ती साखळी शिवणीचं काम करते.

चौथा, बाह्या पूर्ण काढून बिनबाह्यांचं जॅकेट करायचं. बाह्यांचं वजन गेलं की खांद्यावरचा भार बराच कमी होतो. पण आजींना पूर्ण बाह्याच हव्या होत्या.

पाचवा, सगळा उसवून नव्या धाग्यात नव्याने विणायचा.

माझं मत पाचव्याकडे होतं. ताईंना आधी दुसरा आणि तिसरा एकत्र करून बघायचा होता. थंडी दारात होती, नवा स्वेटर व्हायला वेळ लागणार होता आणि आजींना तोवर काहीतरी हवं होतं. तो निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं.

डागडुजी आणि तिने शिकवलेलं

बाह्या मनगटाच्या वर, ४२ सेंटीमीटरवर बंद केल्या. काठात आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवला. मागच्या गळ्याला फीत, रॅग्लनला साखळी. घेराला हात लावला नाही. आणि जाऊबाईंनी खुंटीऐवजी घडी घालून खुर्चीवर ठेवायची सवय लावली.

लांबी वाढायची थांबली. गळा जागेवर राहिला. बाही जाळापासून लांब राहिली, निदान आधीपेक्षा. दोन आठवड्यांनी आजींना विचारलं तर उत्तर तेच: ओझं. आता सगळ्यांना स्पष्ट कळलं की मापाचा दोष दुरुस्त होण्यासारखा होता, वजनाचा नाही. पहिल्याच दिवशी उसवला असता तर आम्ही लांबीलाच मुख्य दोष समजून बसलो असतो आणि पुढचा धागा निवडताना वजनाकडे एवढं बघितलं नसतं.

आणखी एक गोष्ट बाहेर आली. इलॅस्टिकचा दोरा आजींच्या मनगटाला रुतत होता. त्यावर त्या म्हणाल्या, "हे पण टोचतंच की." तेव्हा ताईंनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो आधी विचारायला हवा होता: आई, तुम्हाला लोकर टोचली ती नेमकी कुठली?

टोचणं तपासलं

आजींची आठवण दोन वस्तूंची निघाली. एक घोंगडी, माहेरची, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची. ती लोकर जाड आणि राठच असते, घोंगडीला तीच हवी, पावसात आणि रानात टिकायला. दुसरा एक जुना हातविणीचा स्वेटर, मानेला भयंकर चावणारा. मऊ लोकर त्यांच्या अंगाला कधी लागलीच नव्हती.

लोकर टोचते ती बहुतेक वेळा ॲलर्जीमुळे नव्हे. तंतूची टोकं कातडीवर टेकतात. तंतू बारीक असेल तर टोक वाकतं, जाड असेल तर वाकत नाही आणि कातडीखालच्या संवेदना जागी करतं. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास मानतात, म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर २० मायक्रॉनच्या खाली असते. लोकरीच्या धाग्यात सगळे तंतू एका जाडीचे नसतात, त्यामुळे ३० मायक्रॉनवरचे किती टक्के आहेत यावर ते कापड अंगाला सोसेल की नाही ठरतं.

ताईंनी चार तुकडे विणले: घोंगडीच्या जातीची जाड लोकर, मध्यम लोकर, बारीक मेरिनो आणि उसवायच्या स्वेटरचा सुती-बांबू. सगळे धुतले. मागे नुसते आकडे लिहिले. जाऊबाई रोज एक तुकडा आजींच्या मानेशी, ब्लाउजच्या गळ्याला टाचून देत आणि दुपारपर्यंत ठेवत. कुठला कुठला हे आजींना माहीत नव्हतं, जाऊबाईंनाही नाही.

जाड तुकडा त्यांनी काही मिनिटांत काढून टाकला. मध्यम हाताला चालला, मानेला नाही. मेरिनो आणि सुती-बांबू यांतला फरक त्यांना सांगता आला नाही, दोन्ही "बरे" होते. पहिल्या दिवसापासून ज्या अटीवर सगळी निवड उभी होती ती चार तुकड्यांनी मोकळी केली.

ही चाचणी मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो. कुणी "टोचतं" म्हणालं की आपण एक तर ऐकून घेऊन लोकर बाद करतो किंवा समजूत घालतो. प्रत्यक्ष अंगाला लावून बघायला थोडाच धागा लागतो.

ॲक्रिलिकचाही विचार झाला, कारण ते हलकं असतं, घनता १.१७ च्या आसपास, स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं आणि अनेक घरांत तेच योग्य ठरतं. इथे शेकोटी आड आली. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. लोकर पेटती राहायला साधारण २५ टक्के लागतो, म्हणून ती ठिणगीने करपते आणि जाळ दूर झाला की सहसा विझते. कापूस आणि ॲक्रिलिक १८ टक्क्यांच्या आसपास पेटती राहतात. ॲक्रिलिक वितळतंही आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. ताईंनी तिन्ही धाग्यांचे छोटे तुकडे चिमट्यात धरून, बाहेर, पाण्याची बादली शेजारी ठेवून जाळून दाखवले. लोकरीला केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख, सुताला कागद जळल्याचा वास, ॲक्रिलिकचा कडक काळा मणी. जाऊबाईंनी तो मणी बोटात दाबून बघितला आणि धाग्याचा प्रश्न तिथेच सुटला.

दुसरा स्वेटर

मेरिनो ठरली तरी एक पेच उरला. साधी मेरिनो गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की आटून नमद्यासारखी घट्ट होते. जाऊबाईंनी आधीच सांगितलं होतं की सगळं धुणं मशीनमध्ये जातं, बागेचं काम असताना एक स्वेटर वेगळा हाताने धुण्याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं म्हणून बरं झालं. मशीनमध्ये चालणारी मेरिनो मिळते. तिच्या तंतूवरचे खवले प्रक्रिया करून बोथट करतात आणि वर पातळ लेप देतात, म्हणून ती आटत नाही. पण खवल्यांची पकड गेल्यामुळे ती ओली झाली की वाढते. पहिल्या स्वेटरचा दोष वेगळ्या दाराने परत येण्याची शक्यता होती.

या वेळी नमुना मोठा विणला, २० सेंटीमीटर चौरस, त्यात एक वेणी आणि खाली काठ. मशीनमध्ये धुतला, सपाट वाळवला, मग खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून दोन दिवस दोरीवर टांगला. लांबी २० ची पाऊण सेंटीमीटरने वाढली. रुंदी जवळजवळ तशीच. मग सुया ७ नंबरवरून ८ नंबरच्या, चार मिलिमीटरच्या केल्या, म्हणजे १० सेंटीमीटरला २२ टाके, वीण जरा घट्ट. वाढणारी लांबी हिशेबात धरून ओळी कमी केल्या.

आराखडाही बदलला. पाठ, दोन पुढचे भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शिवायच्या. खांद्याची शिवण पक्की, मागच्या गळ्याला फीत पहिल्यापासून. वेण्या फक्त पुढे, बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक. पाठ आणि बाह्या साध्या. ताईंना पाठीवरच्या वेण्या सोडवत नव्हत्या, ते मला समजतं, त्या वेण्या फार छान विणल्या होत्या. पण आजींच्या पाठीवरून पदर येतो, तिथली वेणी कुणी बघणार नव्हतं, वजन मात्र आजींनाच वाहावं लागलं असतं.

बटणं आजींनी निवडली. मोठी, सपाट, कारण बारीक बटणं त्यांच्या बोटांना सुटत नाहीत. पहिल्या स्वेटरवर शंखाची छोटी बटणं होती, तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

धागा सुती-बांबूच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडला. संक्रांतीपर्यंत स्वेटर झाला.

परिणाम

नवा स्वेटर ५०० ग्रॅम भरला, पहिल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश हलका. पहिल्या धुण्यानंतर लांबी दीड सेंटीमीटरने वाढली, ती हिशेबातलीच होती. बाही मनगटावर आवळून बसते. आजी तो पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत घालतात आणि खांद्याची तक्रार थांबली. शेकोटीची ठिणगी उडून पुढच्या भागावर एक छोटं करपलेलं भोक पडलं होतं, पसरलं नाही. ताईंनी उरलेल्या लोकरीने ते भरून दिलं.

सगळं छान झालं असं नाही. काखेत आणि कोपराशी गोळे आले. मऊ लोकरीचे तंतू बारीक आणि आखूड असतात, घासलं की वर येऊन गुंततात, जितकी मऊ तितके गोळे जास्त. जाऊबाई ते कंगव्याने काढतात. आणि वांगी रंग या लोकरीत मिळाला नाही. जो मिळाला तो मातकट तपकिरी आहे, आजींना पहिल्याचाच रंग जास्त आवडतो आणि त्या तसं सांगतात.

पहिला स्वेटर थंडी संपल्यावर उसवला. इलॅस्टिक, फीत आणि साखळी आधी काढावी लागली, रॅग्लनच्या रेषांत धागा काही ठिकाणी तुटला. लड्या करून धुतल्या, ओल्या लड्यांना खाली थोडं वजन बांधून वाळवल्या, बहुतेक कुरळेपणा गेला. त्यातून घरातल्या बाळासाठी दुपटं विणलं, जाळीची सैल वीण, सपाट. दुपटं टांगायचं नसतं, ताणायचं नसतं, त्यामुळे त्या धाग्याचा गारवा, चमक आणि मऊपणा तिथे पुरेपूर कामाला आला. थोडा धागा अजून शिल्लक आहे.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाच्या जागा मागे वळून बघितल्या तर मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती अगदी पहिली. आजींनी "टोचते" म्हणताच दोन प्रश्न विचारले असते, कुठली आणि कुठे, तर घोंगडीचं नाव तेव्हाच निघालं असतं. मानेला टोचतं पण हाताला नाही, एवढंच कळलं असतं तरी मध्यम लोकरीचा स्वेटर आणि फक्त गळ्याला सुती किंवा मेरिनोची पट्टी हा मार्ग होता. तो खर्चातही मधला पडला असता. पुढच्या वेळी ताई तोच करून बघणार आहेत, कारण मध्यम लोकरीला गोळे कमी येतात.

दुसरी जागा नमुन्याची. पहिला तुकडा मोठा विणून, धुऊन, चिमटे लावून टांगला असता तर दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं. मग सुती-बांबू सोडायलाच हवं होतं असंही नाही. साधी वीण, आखूड लांबी, शिवलेले खांदे, पाऊण बाह्या, असा आराखडा त्याच धाग्यात जमला असता, पुण्याच्या हवेसाठी तर उत्तमच. निफाडच्या पहाटेसाठी मात्र नाही, आणि शेकोटीपाशी तर नाहीच.

तिसरी जागा मनगटाचा काठ. पहिली बाही पूर्ण झाली तेव्हाच तो सैल होता. धुतल्यावर बसेल ही आशा लोकरीच्या अनुभवातून आलेली होती. सुती काठ विणायचाच असेल तर अंगाच्या सुयांपेक्षा दोन नंबर बारीक सुया घ्याव्यात, टाके दहा टक्क्यांनी कमी करावेत, आणि तरीही सैल वाटला तर तिथेच थांबून धाग्याचा फेरविचार करावा. एका बाहीवर थांबणं आणि पूर्ण स्वेटरवर थांबणं यात महिन्याभराच्या विणकामाचा फरक होता.

डागडुजीबद्दल गटात अजून एकमत नाही. काहींना ते वाया गेलेले श्रम वाटतात. मला तसं वाटत नाही, पण एक बदल मी नक्की सुचवेन: साखळी इतकी बारीक आणि घट्ट घालायला नको होती. उसवायची शक्यता आधीच दिसत होती, तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, सैल, सहज निघेल अशी घातली असती तर धागा तुटला नसता.

आणि धुणं कोण करणार, कपडा रात्री कुठे ठेवणार, दिवसभरात हात कशाकशाजवळ जातात, हे जाऊबाईंना पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही. विणणारी पुण्यात, घालणारी निफाडला, आणि रोज डोळ्यांसमोर बघणारी तिसरीच. आता ताई कुठल्याही मापासाठी आधी जाऊबाईंना फोन करतात. सध्या धाकट्या दिरांच्या कानटोपीची लोकर ठरते आहे, तिचे तीन तुकडे जाऊबाईंकडे पोचले आहेत.